उलट बसवलेल्या गाद्या

१

दर रविवारी सकाळी अकराला नीलम पुण्याहून व्हिडिओ कॉल करायची, आणि दर रविवारी पहिली पाच मिनिटं अंबादास गजभिये तिला "ऐकू येतंय का?" एवढंच विचारत बसायचे. केंद्र सरकारच्या मंत्रालयात बत्तीस वर्षं भल्याभल्यांच्या टिपणांतल्या चुका काढलेला माणूस, पण मोबाईलपुढे त्यांची डाळ शिजत नसे.

"बाबा, माझाच आवाज मला परत ऐकू येतोय," जानेवारीतल्या एका रविवारी नीलम वैतागली. "आईचा हेडफोन लावा ना यार. कपाटात पडलाय नुसता."

पडला होता खरा. सोळा महिने पडला होता.

मीनाक्षी, त्यांची बायको, त्या हेडफोनवरच जगली म्हटलं तरी चालेल. दिल्लीतल्या संशोधन संस्था महाराष्ट्रात जाऊन गावोगावच्या बैठका, मुलाखती रेकॉर्ड करून आणत, आणि त्या ऐकून शब्द न् शब्द टाइप करायचं काम ती घरी बसून करायची. पायाखाली एक पेडल असे. चवड्याने दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद, टाचेने दाबलं की दोन वाक्यं मागे. मयूर विहारमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वीस वर्षं हे खट्-खट् चालू होतं, आणि नीलमचा सगळा अभ्यास त्या तालावर झाला होता.

कान दुखतात ही मीनाक्षीची तक्रार, आणि त्या तक्रारीवर इलाज शोधणं हा गजभियांचा छंद. हेडफोनच्या मूळच्या गाद्या वर्षभरात सोलल्या आणि तिच्या कानांवर काळे पापुद्रे चिकटायला लागले, तेव्हापासून हे वेड सुरू झालं. उन्हाळ्यात मखमली कापडाच्या गाद्या, म्हणजे घाम येत नाही. आवाज मात्र जरा पातळ होतो. थंडीत चामड्याच्या, म्हणजे आवाज भरतो आणि बाहेरचं जग बंद होतं. गादीखाली फोमची चकती घातली की कान आतल्या जाळीला टेकत नाही. रविवारची दुपार गजभिये वर्तमानपत्र अंथरून यात घालवत, आणि मीनाक्षी म्हणायची, "एक दिवस तुम्ही ह्याला स्वेटर विणाल."

त्यांनी कपाटातून हेडफोन काढला. तपकिरी चामड्याच्या जाड गाद्या होत्या. तिच्यासाठी त्यांनी शेवटच्या बसवलेल्या. त्यांनी तो डोक्यावर चढवला आणि वायर खोचायला फोनचं भोक चाचपू लागले.

टक्. टक्. टक्.

पंखा. डावीकडे कलून फिरणाऱ्या छताच्या पंख्याचा आवाज, मागून आणि वरून. त्यांनी मान वर केली. जानेवारीत दिल्लीत पंखा कोण लावतो? पाती थांबलेली होती. शिवाय टक्-टक् करणारा तो जुना पंखा गेल्या मे महिन्यातच भंगारात गेला होता. हा नवा, मुका होता.

"बाबा? लावला का?" नीलम फोनमधून ओठ हलवत होती. वायर अजून त्यांच्या हातातच होती.

२

मीनाक्षी गेली तो सप्टेंबरमधला रविवार होता. त्या दिवशी सकाळीच त्यांनी या तपकिरी गाद्या बसवल्या होत्या आणि शेखी मिरवली होती की आता शेजारच्या घरातला मिक्सर सोडाच, विमान गेलं तरी ऐकू येणार नाही. चार वाजता त्यांनी चहा केला. ती पाठमोरी बसलेली, कानांवर हेडफोन. घरचा नियम असा की तिच्या कानांवर हेडफोन असला की तिला हात लावायचा नाही. हातातलं वाक्य तुटतं. चहा डाव्या हाताशी ठेवायचा आणि चालू पडायचं. ते म्हणाले, "मीनाक्षी, चहा ठेवलाय गं. मी भाजी घेऊन येतो." ती काही बोलली नाही. हलली नाही. त्यांनी चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.

चाळीस मिनिटांनी आले तेव्हा ती जमिनीवर होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. नक्की केव्हा, ते सांगता येत नाही. "घरी कोणी होतं का?" त्यांनी विचारलं आणि गजभियांचा चेहरा पाहून पुढचं विचारलं नाही.

आणि मग नीलम विमानतळावरून आली, गळ्यात पडली, म्हणाली, "शेवटचं काय बोलली आई?" त्या पोरीला काय सांगणार? त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मी निघालो तेव्हा म्हणाली, कोथिंबीर आणा." नीलम रडता रडता हसली. तेव्हापासून वर्ध्यापासून पुण्यापर्यंत सगळ्या नात्यात ही गोष्ट झाली होती: मीनाक्षीचा शेवटचा शब्द कोथिंबीर. मेहुण्याने तर पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर, ती सर्वांना सांगितली आणि सगळे ओल्या डोळ्यांनी हसले. गजभियेही हसले.

खरं एवढंच होतं की त्यांना माहीत नव्हतं. दार ओढून घेतलं तेव्हा ती खुर्चीत जिवंत बसली होती की गेलेली होती, हे त्यांना माहीत नव्हतं. गेलेली असेल, तर निदान त्यांच्या जाण्याने काही बिघडलं नाही. जिवंत असेल, तर त्या चाळीस मिनिटांचं ओझं त्यांच्या डोक्यावर होतं. माणूस सोळा महिने रोज सकाळी उठून एकच प्रश्न विचारू शकतो, यावर त्यांचा स्वतःचाही आधी विश्वास बसला नसता.

३

कानावर वाटी धरली तरी घुमतं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. आपल्याच रक्ताचा आवाज. गजभियांनी स्वतःला तसं समजावलं, आणि समजावून झाल्यावर हेडफोन पुन्हा घातला. टक्. टक्. त्यांनी नाडी धरून पाहिली. नाडी वेगळी चालत होती, पंखा वेगळा.

मंगळवारी ते मेट्रोने नेहरू प्लेसला गेले. तिथे पहिल्या मजल्यावर राघव नावाचा पन्नाशीचा कारागीर हेडफोन दुरुस्त करतो. मीनाक्षीच्या सगळ्या गाद्या त्याच्याकडूनच आणलेल्या. त्याने हेडफोन हातात घेतला, उलटापालटा केला आणि हसला.

"अंकल, ये किसने लगाया? लेफ्ट का राइट में, राइट का लेफ्ट में."

"मैंने. क्यों?"

राघवने गादी बोटाने दाबून दाखवली. एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने पातळ. जाड बाजू कानाच्या मागे यायला हवी, म्हणजे आवाज समोरून आल्यासारखा वाटतो. उलट बसवल्या तर? "तो सब कुछ पीछे से आएगा. लगेगा कोई पीछे खड़ा है."

वीस वर्षं गाद्या बदलणारा माणूस, आणि नेमक्या शेवटच्या दिवशी त्याने बायकोच्या कानांवर त्या उलट्या चढवल्या होत्या. ती काही म्हणालीही नव्हती. नवऱ्याचा हिरमोड होईल म्हणून न म्हणणारी बाई होती ती. त्या दिवशी तिला सगळं मागून ऐकू येत होतं तर.

राघवने त्या काढून सरळ बसवल्या. एक मखमली जोडही पिशवीत टाकला. घरी येऊन गजभियांनी हेडफोन लावला आणि श्वास रोखून बसले. काही नाही. नुसती घुं, समुद्रासारखी. त्यांनी मखमली गाद्या लावून पाहिल्या. त्यातून खालच्या भाजीवाल्याची आरोळी तेवढी आली.

झालं, सुटलो, असं वाटायला हवं होतं. त्याऐवजी ते हेडफोन मांडीवर घेऊन तसेच मीनाक्षीच्या खुर्चीत बसून राहिले. तो मेला पंखाच तर होता! पण ज्या खोलीत तो पंखा फिरत होता, त्या खोलीत ती होती. त्या खोलीत जायला त्यांनी दिल्लीतली सगळी थंडी अनवाणी तुडवली असती. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नसतं, पण खुर्चीला सांगितलं.

मग त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं, तपकिरी गाद्या काढल्या आणि डावी उजवीकडे, उजवी डावीकडे, जशा त्या दिवशी होत्या तशा उलट बसवल्या.

टक्. टक्. टक्.

४

पुढचे दिवस त्यांनी कामाला लावले. फट राहिली तर आवाज गळतो, हे ते पूर्वीपासून जाणत होते. कानांवरचे केस न्हाव्याकडून साफ काढून घेतले. गालांवर खुंट राहू नयेत म्हणून दोनदा दाढी. गादीखाली फोमची पातळ चकती, चकतीच्या कडेला टेप. प्रत्येक फट बुजली की खोली थोडी आणखी भरायची: पंख्याखाली फडफडणारा कागद, खालच्या मजल्यावर कुणीतरी ओट्यावर आपटलेलं भांडं. सगळं मागून.

शेवटची फट चष्म्याची होती. चष्म्याची काडी गादीखालून जाते आणि तिथून आवाज सांडतो. पुढच्या आठवड्यात, बुधवारी दुपारी चारला ते मीनाक्षीच्या टेबलाशी बसले, तिच्या बंद कॉम्प्युटरसमोर, आणि चष्मा काढून ठेवला. खिडकी, पडदा, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर, सगळं धुक्यात गेलं. आणि कानांत एक माणूस बोलला.

"मीनाक्षी, चहा ठेवलाय गं. मी भाजी घेऊन येतो."

स्वतःचा आवाज स्वतःला लगेच ओळखू येत नाही. कोण हा घाईतला, जरासा कंटाळलेला माणूस, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग बशी टेकल्याचा आवाज. चपला. दार ओढल्याचा, लॅच बसल्याचा आवाज.

"थांब ना," गजभिये त्या माणसाला म्हणाले. "वळून बघ की मूर्खा."

जिन्यावरून पावलं उतरत गेली. उरला पंखा. टेबलाची कड त्यांच्या बोटांत रुतत होती. आता कळणार होतं. सोळा महिन्यांचं उत्तर त्या पंख्यापलीकडे कुठेतरी होतं. आपल्याला काय ऐकायला हवंय हेच त्यांना कळेना. काही ऐकू येऊ नये, अशी त्यांनी इच्छा केली. आणि त्याच वेळी, मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, एकदाच, एकदाच ऐकू येऊ दे, असंही.

खट्.

पेडल. थोडा वेळ. खट्. आणि मग कळफलकावर तिची बोटं, सरसर, न अडखळता.

ती जिवंत होती. दार लागल्यावर जिवंत होती, धडधाकट होती, काम करत होती. गजभियांच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांनी आईच्या मरणातही काढला नव्हता. ते ढसाढसा रडले, हेडफोन तसाच कानांवर, आणि तिचं ते नाव, जे नीलमनेही कधी ऐकलं नव्हतं, ते हाक मारल्यासारखं म्हणाले, "मीनू. अगं मीनू."

कळफलक थांबला.

५

तो थांबला हे त्यांनी मनावर घेतलं नाही. टाइप करणारं माणूस थांबतंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा लावला. सगळं तसंच, दार, जिना, पंखा, सरसर बोटं, आणि मग ते थांबणं. आज गजभिये अजिबात रडले नव्हते, तरी बोटं नेमकी तिथेच थांबली. पण आज त्यापुढचंही ऐकू आलं. खट्, जड आवाजाचं, टाचेचं. मागे. पुन्हा चवडा. पुन्हा टाच. मागे.

वीस वर्षं त्या तालावर संसार केलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मीनाक्षीला काहीतरी नीट उमगलं नव्हतं. ती तीच जागा पुन्हा पुन्हा ऐकत होती.

शुक्रवारी तिची फिरती खुर्ची करकरली. शनिवारी तिने उसासा टाकला, आणि त्या उसाशासाठी गजभियांनी चार वेळा तीच दुपार ऐकली. जेवायचं राहिलं, ते रात्री ध्यानात आलं. मनाची गंमत अशी की भीती वाटावी अशा गोष्टीचीच त्याला चटक लागते. सकाळी जाग आली की त्यांना अठ्ठावीस वर्षांपूर्वीसारखं वाटायचं, वर्ध्याच्या बसस्टँडवर कुणीतरी वाट बघत असल्यासारखं.

रविवारी नीलमने त्यांना पडद्यावर नीट न्याहाळलं.

"बाबा, केवढे वाळलात! आणि हे केस काय केलेत कानांवरचे? भादरल्यासारखे."

"थंडी आहे गं."

"थंडीत कुणी केस काढतं का? काहीही हं." ती पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "खरं सांगा, तुम्हाला करमत नाहीये ना तिथे?"

"उलट. आता करमतंय."

हे ऐकून ती जास्तच घाबरली. "बस्स. पुढच्या शनिवारी मी येते आणि तुम्हाला घेऊनच जाते. फ्लॅट भाड्याने देऊ. आईचा कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकू. तेवढ्या तिच्या फायली बघून ठेवा, प्लीज. मला नाही बघवणार."

"बरं," गजभिये म्हणाले. लेकीपुढे त्यांनी एवढ्या लवकर कधी मान तुकवली नव्हती.

६

कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागला, पण झाला. तिचं काम नीटनेटकं होतं. प्रत्येक बैठकीची वेगळी फाईल, वर तारीख. शेवटची फाईल त्या रविवारची. बीड जिल्ह्यातल्या एका गावच्या पाणी समितीची बैठक. हातपंप, टँकर, सरपंचांचं न येणं. तिचा नियम होता की कानांवर पडलं ते सगळं उतरवायचं. कुणी खोकलं तर तेही. जे उमगलं नाही तिथे कंसात तसं लिहायचं. "आपण ठरवायचं नाही काय महत्त्वाचं ते," ती म्हणायची. "आपण नुसतं ऐकायचं."

नवव्या पानाच्या अखेरीस सरपंचांचा विषय चालू होता. मग मध्येच:

(अस्पष्ट. कोणीतरी रडतं आहे. पुरुष.)

गजभियांनी चष्मा पुसला.

गावातल्या गंगुबाई टँकरबद्दल बोलत होत्या. दोन ओळी. मग:

(पुन्हा ऐकलं. पुन्हा आहे. आवाज मागून येतो. बैठकीतला नाही.)

(अस्पष्ट. हाक? "मीनू"?)

दहाव्या पानावर पाणी समिती नव्हतीच. नुसते कंस होते, एकाखाली एक.

(रेकॉर्डिंग बंद केलं. तरी येतं.)

(मागे कोणी नाही. पाहिलं.)

(श्वास. जवळून.)

(ह्यांचा आवाज आहे. हे तर बाहेर गेलेत. ह्यांना काही झालं का?)

आणि शेवटी, पानाच्या मध्यावर:

(आता स्पष्ट. म्हणतात,

त्यानंतर काही नव्हतं. कंस बंद झालेला नव्हता.

गजभिये बराच वेळ त्या स्वल्पविरामाकडे बघत राहिले. मग उठले, स्वयंपाकघरात गेले, भांड्यात पाणी तापत ठेवलं, ते उकळून आटलं तरी गॅस बंद करायचं भान राहिलं नाही. ते चाळीस मिनिटं बाजारात होते, हे खरं होतं. पण त्या चाळीस मिनिटांत ते या खोलीतही होते. तिला कोणी घाबरवलं, कोणाच्या रडण्याने तिचं काम थांबलं, हे आता विचारायची गरज नव्हती. वैऱ्यानेही चिंतलं नसतं असं ते होतं.

भास आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. ही फाईल मीच कधीतरी, झोपेच्या गोळीच्या गुंगीत, टाइप केली असेल. पण त्यांना दोन बोटांनी टाइप करता यायचं, आणि हे कंस कसे सरळ होते.

७

सोमवार, मंगळवार, बुधवार त्यांनी हेडफोनला हात लावला नाही. त्यामागे एक हिशेब होता, वेडा असला तरी हिशेब. कंस उघडा आहे. त्यात काय येणार ते मी अजून म्हटलेलं नाही. मी म्हटलंच नाही, तर ते वाक्य पुरं होणार नाही. ती त्या खुर्चीत, त्या दुपारी, वाट बघत बसून राहील, पण राहील.

राहील म्हणजे कशी राहील, हे गुरुवारी त्यांच्या ध्यानात आलं. दुपारी वरणात तूप घालताना हात थांबला. नवऱ्याचं रडणं ऐकू येतंय, नवरा दिसत नाही, काय झालंय कळत नाही, अशी. एकटी. त्यांच्यामुळेच.

फक्त ऐकायचं, त्यांनी ठरवलं. तीच म्हणायची ना, आपण नुसतं ऐकायचं. तिच्याजवळ बसायचं, आणि तोंड उघडायचं नाही. त्यांनी लोकरीचा मफलर घेतला, तोंडावर दोन वेढे घालून मानेमागे गाठ मारली. आरशात बघायचं टाळलं. खुर्चीत बसले. कॉम्प्युटर बंद केला. चष्मा काढला. हेडफोन चढवला.

चहा, चपला, दार. तो घाईतला माणूस जिना उतरून गेला. आज त्याला त्यांनी शिवी दिली नाही. बोटं चालली. थांबली. टाच, चवडा, टाच. गजभिये नाकाने श्वास घेत होते, होईल तितका हळू, आणि तरीही मागून, अगदी जवळून, तिचा श्वास अडखळल्याचं ऐकू आलं. एक खटका. तिने रेकॉर्डिंग बंद केलं असावं. आता पंखा आणि ती.

"अहो?"

सोळा महिने. सोळा महिने त्यांनी याच दोन अक्षरांसाठी घराचा प्रत्येक कोपरा कान लावून ऐकला होता. सकाळी बाथरूममध्ये नळ सोडला की, पोळीवाल्या बाईने ताट आपटलं की. गजभियांनी मफलरवर दोन्ही तळहात दाबून धरले.

"अहो, तुम्हीच आहात ना?" तिचा आवाज लहान झाला होता. रागावणारी, हुकूम सोडणारी मीनाक्षी नव्हती ती. "रडता कशाला? कुठे आहात? पडलात का कुठे? अहो, बोला ना काहीतरी. मला भीती वाटतेय."

बोललो तर संपलं, हे त्यांना कळत होतं. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. नाही बोललो तर ती बसून राहील. पण ती घाबरली होती, हाक मारत होती. आणि घाबरलेल्या बायकोला तिथेच ठेवून निघून जाणं, हे त्यांच्या हातून एकदा झालं होतं. दुसऱ्यांदा ते होईना. माणसाच्या अंगात तेवढी ताकद नसते. निदान अंबादास गजभियांच्या अंगात नव्हती.

त्यांनी मफलर खाली ओढला.

"आहे गं मीनू," ते म्हणाले. "इथेच आहे. तुझ्या मागे."

कळफलकावर काही बोटं घाईने पडली. मग थांबली. मागे खुर्ची करकरत वळली.

कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यात, त्यांच्या स्वतःच्या धूसर डोक्यापलीकडे, एक फिकट काहीतरी होतं. चेहरा होता. त्यांच्याकडे वळलेला. चष्मा टेबलावर हाताच्या अंतरावर पडला होता, आणि तो घालायचा तर हेडफोन काढावा लागला असता. त्या चेहऱ्यावर भीती होती, की सोळा महिन्यांनी म्हातारा झालेल्या नवऱ्याची कीव होती, की ओळख होती, ते त्यांना दिसलं नाही. ते त्यांना कधीच दिसणार नव्हतं.

"अगं बाई," ती म्हणाली. हळूच, जशी नीलमच्या गुडघ्याला खरचटलेलं पाहून म्हणायची.

मग काहीतरी पडलं. जड आणि मऊ. पडद्यातला चेहरा गेला.

गजभिये वळले नाहीत. मागे काय आहे ते त्यांनी एकदा पाहिलेलं होतं. पंखा फिरत होता, आणि त्याच्याखाली, जमिनीच्या बाजूने, श्वास येत होता. ओढल्यासारखा, मध्ये मोठी जागा सोडून. अजून होती ती. दार उघडायला, अँब्युलन्सला फोन करायला, कुणीतरी हवं होतं त्या घरात, आणि तो कुणीतरी भाजीवाल्यापुढे कोथिंबिरीची जुडी हुंगत उभा होता. या खोलीतून त्याला हाक ऐकू जाणार नव्हती.

एवढं एकच त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी केलं. दोन्ही गाद्या कानांवर घट्ट दाबून धरल्या, एकही फट राहू दिली नाही, आणि तिचा श्वास आला की म्हणत राहिले, "आहे." पुढचा आला की, "आहे, मीनू." त्यांचा आवाज एकदाही कापला नाही. किती वेळ, ते त्यांना सांगता आलं नसतं.

मग एका श्वासानंतर पुढचा आला नाही. त्यांनी वाट पाहिली. पंखा फिरत राहिला.

"आहे," ते म्हणाले.